केंड्रिक लमारनंतर काय ऐकू?
मदत हवी आहे. रॅप म्हणजे नुसती बडबड, असं म्हणता म्हणता पन्नाशी उलटली आणि आता अमेरिकन रॅपर केंड्रिक लमारच्या 'टू पिंप अ बटरफ्लाय' या अल्बमने (२०१५) पुरतं वेड लावलंय. एकच कविता गाण्यागणिक ओळ-ओळ वाढत जाते, आणि शेवटी ती अख्खी तो दिवंगत रॅपर टुपाकला वाचून दाखवतो. अंगावर काटाच आला! थंडरकॅटचा बेस, कमासी वॉशिंग्टनचा सॅक्सोफोन... पुलित्झर मिळालेला त्याचा 'डॅम' हा अल्बम मात्र त्यामानाने कोरडा वाटला (मुलगा चिडलाय माझ्यावर).

जाणकारांनो, असे जॅझच्या अंगाने जाणारे आणखी रॅपर सुचवा ना. आणि केंड्रिकच्या गावाचे, कॉम्प्टनचे संदर्भ, तिथली बोली समजावून घ्यायला तुम्ही काय करता? निम्मे शब्द डोक्यावरून जातात.