पश्चिमेचं अंगण: उन्हाळ्यात संध्याकाळी बसता येईल आणि रात्री झोपता येईल असं कसं करावं?

वऱ्हाडी_अंगण
नमस्कार मंडळी. घर अकोल्यात, तळमजला. अंगण उत्तर-दक्षिण २० फूट आणि घराच्या भिंतीपासून पश्चिमेला १४ फूट. पश्चिमेला साडेचार फुटी कंपाउंड, साडेचार इंची विटेचं. खाली करड्या रंगाचे ६० मिमी जाडीचे पेव्हर (सिमेंटचे फरशी-ब्लॉक). सावली अजिबात नाही. एप्रिल-मेमध्ये पाचला दार उघडलं की भट्टीसारखी झळ येते आणि पेव्हर रात्री अकरापर्यंत गरमच असतात.

दोन गोष्टी हव्यात: साडेपाचनंतर चार-सहा जणांना बसता यावं आणि रात्री दोन बाजा टाकून झोपता यावं. ठेकेदार म्हणतो की नऊ फुटांवर पारदर्शक पॉलिकार्बोनेटचं शेड टाका, विषय संपला. आधी हिरवी जाळी बांधली होती, ती वळवाच्या पहिल्या वादळात कडेच्या रिंगांपाशी फाटली. पाणी बोअरचं, जड. खर्च ४५ हजारांच्या आत बसवायचा आहे. आता फेब्रुवारीचा मध्य आहे, म्हणजे दीडेक महिना हाताशी आहे. काय करावं?

छायामापक
शेड टाकू नका. कारण समजून घ्या, म्हणजे पुढचे सगळे निर्णय सोपे जातील.

मेच्या उत्तरार्धात अकोल्यात भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, पण चार वाजता तो क्षितिजापासून साधारण ३८ अंशांवर येतो, पाचला २५ आणि सहाला फक्त ११ अंशांवर. तुमचं छत नऊ फुटांवर असेल तर चार वाजता ऊन छताखालून ११ फूट आत शिरतं. पाचला ते १९-२० फूट आत जाऊ शकतं, म्हणजे तुमचं १४ फुटी अंगण ओलांडून थेट भिंतीवर. तुम्हाला ज्या वेळी बसायचं आहे, त्याच वेळी छताचा उपयोग संपलेला असतो. कंपाउंडची सावली साडेपाचला जमिनीवर भिंतीपर्यंत पोचते खरी, पण खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या तोंडावर ऊन येतच राहतं.

म्हणून खरं काम उभ्या पडद्याचं आहे: कंपाउंडच्या माथ्यापासून नऊ फुटांपर्यंत, साडेचार फूट उंच, पूर्ण २० फूट लांब. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. मेमध्ये सूर्य नेमका पश्चिमेला मावळत नाही, २०-२२ अंश उत्तरेकडे सरकून मावळतो. त्यामुळे उत्तरेच्या टोकाला पडदा तीन-चार फूट काटकोनात आत वळवा. नाहीतर त्या कोपऱ्यातून तिरपं ऊन बरोबर बसायच्या जागेवर येईल.

आता डोक्यावरच्या छताबद्दल. ते दुपारी हवंच, नाहीतर पेव्हर दिवसभर उष्णता पीत बसतील. पण रात्री ते नको. उघड्या आकाशाखाली जमीन, भिंती, अंथरूण सगळं आपली उष्णता वर फेकून निवत जातं, कोरड्या हवेत तर झपाट्याने. मध्ये पक्कं छत आलं की तीच उष्णता खाली अडते. पारदर्शक पॉलिकार्बोनेट दिवसा ऊन आत घेतं आणि रात्री वाट अडवतं, दोन्ही बाजूंनी तोटा. म्हणून सरकती जाळी लावा: सकाळी नऊला ओढायची, सूर्य मावळला की भिंतीकडे गोळा करायची.

पाइप_आणि_तार
वरच्याशी पूर्ण सहमत. आता जाळी का फाटली ते सांगतो. एकेरी जाळीत रिंग ठोकली की सगळा ताण दोन-तीन धाग्यांवर येतो. शिवण सुती दोऱ्याची असेल तर तो दोरा उन्हाने एका हंगामात कुजतो. तिसरं म्हणजे जाळी चारही बाजूंनी घट्ट ताणलेली असते, त्यामुळे वादळाचा झोत आला की तिचं शीड होतं.

असं करा. ७५ टक्के ऊन अडवणारी, यूव्ही स्टॅबिलाइझ्ड (उन्हाने लवकर न कुजणारी) जाळी घ्या, ३ मीटर रुंद, १६ फुटांचे दोन तुकडे. ५० टक्के वऱ्हाडातल्या उन्हाला कमी पडते, ९० टक्क्यांची वारा जास्त अडवते. काळी जाळी स्वतःच तापून खाली झळ देते. हिरवीखाली ताटातल्या भाजीचा रंगही वेगळा दिसतो, म्हणून पांढरी-हिरवी किंवा फिकट बदामी मिळाली तर ती घ्या. सगळ्या कडा एक इंची नायलॉन निवारीवर तीन पदरी दुमडून पॉलिस्टर दोऱ्याने शिवून घ्या. ताडपत्री शिवणारे हे काम करून देतात. रिंग निवारीतूनच गेली पाहिजे, दर फुटाला एक.

पूर्व-पश्चिम पाच तारा, पाच-पाच फुटांवर, ४ मिमी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) वायर रोप, प्रत्येकीला टर्नबकल (तार ताणायचा फिरकीचा स्क्रू). मधल्या तारेवर दोन्ही पट्ट्यांच्या कड्या येतील. मध्ये चार इंचांची फट राहिली तर राहू द्या, गरम हवा तिथून निघते. घराच्या बाजूला १० मिमी अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) बीममध्येच मारा. प्लास्टर किंवा विटेत मारलेला पहिल्याच ताणात उपसून येतो.

पश्चिमेला दोन इंची जीआय पाइपचे तीन खांब, १० फूट अंतराने, आणि माथ्यावर तसाच आडवा पाइप. खांब कंपाउंडच्या भिंतीला जखडू नका. साडेचार इंची भिंत तारांचा ओढ सहन करत नाही, तळाशी आडवी भेग जाते. खांबांना स्वतःचा पाया द्या, दीड बाय दीड फूट, अडीच फूट खोल, १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट, आणि सात दिवस पाणी मारून मगच तारा ताणा. तारा पाच आहेत आणि सगळ्या घराकडेच ओढतात, म्हणून प्रत्येक खांबाला आतल्या बाजूने तिरका टेकू लागेल. तो उभ्या पडद्याच्या आड येणार नाही हे आधी बघून घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं: जाळीची पश्चिमेची कड वायर रोपने बांधू नका, साध्या सुतळीने बांधा. जोराच्या वादळात सुतळी तुटेल, जाळी घराकडे सरकून गोळा होईल आणि वाचेल. सुतळी दर महिन्याला बदलायची.

वाळा_आणि_पाणी
उभ्या पडद्याला वाळ्याच्या ताट्या लावा भाऊ, वऱ्हाडात याहून चांगलं काही नाही. तुमच्याकडे दुपारची झळ बहुतेक पश्चिम-वायव्येकडूनच येते. म्हणजे ओली ताटी उन्हालाही अडवते आणि आत येणारा वाराही गार करते. मेमध्ये दुपारी हवा इतकी कोरडी असते की पाणी लगेच उडतं.

पाच फूट रुंद, साडेचार फूट उंच अशा चार ताट्या. वर अर्धा इंची पीव्हीसी पाइप, दर चार इंचांना २ मिमी छिद्र. खाली चार इंची पाइप उभा चिरून केलेली पन्हळ, एका टोकाकडे इंचभर उतार आणि तिथे कूलरचा पंप. पंपाच्या डब्यावर लिहिलेली चढाची उंची किमान सहा फूट असावी. तुमचा चढ साडेचार फूट आहे, पण छिद्रांच्या पाइपात जोर कमी होतो.

जड पाण्याने दोन गोष्टी बिघडतात. छिद्रं क्षाराने बुजतात, ती आठवड्याला टाचणीने मोकळी करा. आणि पाणी उडून जातं पण क्षार मागे राहतात, म्हणून पन्हळीतलं पाणी तीन-चार दिवसांनी पूर्ण ओतून द्या. तेवढ्यानेच डासांच्या अळ्याही होणार नाहीत. धुक्याचे नोझल मात्र बोअरच्या पाण्यावर घेऊच नका, त्यांची भोकं इतकी बारीक असतात की काही दिवसांतच एकेक बंद पडत जातं.

पंप साडेसहाला बंद करा, म्हणजे ताटी रात्री सुकते. रात्रभर ओला राहिलेला वाळा बुरशीचा वास धरतो. सूर्य मावळला की ताट्या गुंडाळून वर घ्या, वारा मोकळा खेळू द्या.

आता पेव्हर. चारला पाणी मारलं तर वाफच तोंडावर येते. सावली पूर्ण आली की साडेपाच-सहाला पहिला सडा, पाऊण तासाने दुसरा. दोनदा का, तर वरचा थर निवला तरी खालची उष्णता हळूहळू वर येत राहते. २०० चौरस फुटांचे ६० मिमी पेव्हर दहा अंशांनी उतरवायला साधारण नऊ-दहा लिटर पाणी प्रत्यक्ष उडून जावं लागतं. वाहून गेलेलं पाणी हिशेबात येत नाही. दोन्ही वेळा मिळून एक-दीड बादली झारीने शिंपडलं तर पुरतं. नळीने धुण्यात पाणी वाया जातं.

वऱ्हाडी_अंगण
फार उपयोगी, आभार. ताट्यांऐवजी वेल चढवला तर? पंपाची कटकट वाचेल. आणि पेव्हर उखडून शहाबादी टाकावी का?

माती_मुळं
शहाबादीचा खर्च करू नका, तीही तापते. त्याऐवजी कंपाउंडलगतची दीड फूट रुंदीची पेव्हरची पट्टी काढून टाका आणि दीड फूट खोल माती भरा, दोन भाग माती आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. तापणारा दगड तेवढा कमी होतो आणि वेलाला जमीन मिळते. खांबांचे पाये याच पट्टीत येतात, म्हणून आधी पाये, मग माती.

यंदाच्या यंदा सावली हवी असेल तर गिलके लावा, आत्ताच. जानेवारीअखेर लावले असते तर जास्त बरं, तरी एप्रिलच्या शेवटी वेलाची जाळी भरेल. चार फुटांवर एक, प्रत्येकाला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर (ठिबकचे तोटे). मेमध्ये सकाळी पाऊण तास, संध्याकाळी पाऊण तास, म्हणजे झाडाला दिवसाला बारा लिटर. फुलं आली की फळमाशीचा सापळा टांगा, नाहीतर गिलके कोवळेपणीच किडतात. वेल लोखंडी जाळीवर थेट चढवू नका, तापलेल्या तारेवर कोवळा शेंडा करपतो. नायलॉनची वेलजाळी किंवा काथ्या वापरा.

पण एकट्या वेलावर पहिल्या वर्षी विसंबू नका. ४३-४४ अंशांत दुपारी पानं मान टाकतात आणि नेमक्या चार वाजता पडदा विरळ होतो. यंदा पश्चिमेला वाळा आणि उत्तरेच्या वळणावर वेल असं करा. कायमचा हवा तर पावसाळ्यात मधुमालती लावा. दोन-तीन वर्षांत ती भरते, पण वजनदार होते, तिला दीड इंची अँगलची चौकट लागेल.

झाडाला जागा कंपाउंडबाहेर असेल तर करंज किंवा कडुनिंब, घरापासून किमान १५ फुटांवर. दोघांनाही ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर नवी पालवी फुटते, गरज असते तेव्हाच सावली दाट होते. शेवगा पटकन वाढतो, पण वळवात फांद्या मोडून खाली पडतात. बसायच्या जागेवर तो नको.

खळ्यातला_मांडव
कोकण-गोव्याकडचे कोणी हे वाचत असतील त्यांच्यासाठी: वाळ्याचा आणि पाण्याचा भाग आपल्याकडे सोडून द्या. हवा आधीच दमट, पाणी उडत नाही, नुसता चिकचिकाट वाढतो. आपल्याकडे खळ्यातला, म्हणजे अंगणातला, मांडवच बरा. पोफळीचे खांब, वर बांबू, त्यावर नारळाची झापं. पावसाळा संपल्यावर घालायचा आणि मृगाआधी उतरवायचा. झापांमधून हवा वर निघते, म्हणून पत्र्यासारखी खाली झळ येत नाही. जोडीला एक पंखा.

पाइप_आणि_तार
विजेचं राहिलं. ओल्या ताटीजवळ पंप आणि पंखा येणार, म्हणून त्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) स्वतंत्र लावा आणि अर्थिंग तपासून घ्या. घरातला एक्स्टेन्शन बोर्ड ओढून आणू नका. लोखंडी खांबांनाही अर्थिंग जोडा. पंखा भिंतीवरचा, सात फुटांवर, बाजांच्या दिशेने. वारा अंगावर असेल तर डास कमी बसतात आणि मच्छरदाणीतही हवा पोचते. दिवा पिवळसर, ३००० केल्विनच्या खालचा, आणि बसायच्या जागेवर नको, फाटकापाशी लावा. किडे तिकडेच जातील.