अ‍ॅबसिंथच्या माथी मारलेले खून

कडू_काढा
दोन दिवस इथे एक लेख वर येतोय, 'व्हॅन गॉगला वेडं करणारी हिरवी दारू'. त्याचं म्हणणं असं : अ‍ॅबसिंथ प्यायली की भास होतात, तिच्यात वर्मवुड वनस्पतीतून येणाऱ्या थुजोन या रसायनामुळे माणसं खुनी झाली, म्हणून युरोपानं तिच्यावर बंदी घातली आणि आज बाटलीत मिळते ती खरी नव्हेच. खाली पन्नास जणांनी 'छान माहिती' लिहून टाकलंय. मला राहवत नाही.

अठराव्या शतकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडच्या व्हाल-द-त्राव्हेर खोऱ्यात, कूव्हे गावात, ही औषधी अर्क म्हणून सुरू झाली. वर्मवुडची कडू पानं, अ‍ॅनिस, बडीशेप. 1805 मध्ये पेर्नो या दारू गाळणाऱ्यानं सीमेपलीकडे फ्रान्समध्ये, पाँतार्लियेला कारखाना काढला. अल्जेरियातल्या फ्रेंच फौजेला तापावर म्हणून ती दिली जायची. शिपाई परतले ते चटक घेऊनच. मग फिलॉक्सेरा किडीनं द्राक्षबागा खाल्ल्या, वाइन महागली आणि बिटाच्या अल्कोहोलवर होणारी अ‍ॅबसिंथ गरिबाच्या आवाक्यात आली. 1910 च्या सुमारास फ्रान्स वर्षाला 3 कोटी 60 लाख लिटर पीत होता. तोवर बागा पुन्हा उभ्या राहिल्या होत्या आणि वाइनवाल्यांना आपलं गिऱ्हाईक परत हवं होतं. 1907 मध्ये पॅरिसला भरलेल्या सभेची घोषणाच होती : सगळे वाइनच्या बाजूनं, अ‍ॅबसिंथच्या विरोधात!

आता तो खून. 28 ऑगस्ट 1905, स्वित्झर्लंडमधलं कोम्युन्यी गाव. जाँ लाँफ्रे या मजुरानं गरोदर बायकोला आणि दोन लहान मुलींना गोळ्या घातल्या. भांडण कशावरून, तर बूट पॉलिश केले नाहीत म्हणून. त्या दिवशी तो अ‍ॅबसिंथचे दोन पेले प्यायला होता. त्याशिवाय कोन्याक ब्रँडी, क्रेम द माँत ही पुदिन्याची गोड दारू आणि दिवसभर वाइन. वाइन तो रोजच लिटरांनी प्यायचा. वर्तमानपत्रांना फक्त ते दोन पेले दिसले. बंदीच्या अर्जावर 82,000 सह्या झाल्या, 1906 मध्ये व्हो प्रांतानं बंदी घातली आणि 1908 च्या सार्वमतानंतर ती देशभर गेली. वाइनकडे कुणी बोटही दाखवलं नाही. मला चीड येते ती याची.

रसायनकट्टा
सहमत. या सगळ्याच्या मुळाशी डॉ. व्हालँताँ मान्याँ आहेत, पॅरिसच्या सँत-आन वेड्यांच्या इस्पितळातले. त्यांनी एका गिनीपिगला वर्मवुड तेलाची वाफ दिली, दुसऱ्याला अल्कोहोलची. पहिल्याला झटके आले आणि 'अ‍ॅबसिंथिझम' नावाचा वेगळा आजार जन्मला. पण शुद्ध तेल आणि पेल्यातली दारू यांत केवढा फरक! बंदीपूर्वीच्या 13 सीलबंद बाटल्या तपासल्याचा निबंध 2008 मध्ये आला. थुजोनची सरासरी लिटरमागे 25 मिलिग्रॅम. आज युरोपात कायदेशीर मर्यादा किलोला 35 आहे. म्हणजे 'जुनी खरी होती, आताची नकली' हा दावाही गेला. थुजोन मेंदूला शांत ठेवणाऱ्या गाबा या रसायनाच्या कामात अडथळा आणतं, जास्त झालं तर झटके येतात, भास नव्हेत. आणि तेवढं थुजोन पोटात जायच्या आत अल्कोहोलच माणसाला आडवा करेल.

आडवी_बाटली
वाचलं सगळं. तुम्ही सगळे मिलिग्रॅम मोजताय.

माझं माहेर चंद्रपूर जिल्ह्यातलं. थोरले काका खाणीत होते. पगाराच्या दिवशी काकू फाटकाशी उभ्या राहायच्या, पाकीट घरी पोचावं म्हणून. कधी पोचायचं, कधी नाही. काका देशी प्यायचे, तीत ना थुजोन ना वर्मवुड. त्या 82,000 सह्यांना तुम्ही वर्तमानपत्रांनी भडकवलेली गर्दी समजता. मला त्यांच्यात काकू दिसतात. 68 टक्क्यांची दारू, तीही स्वस्त, एका बाईसह दोन पोरी मेलेल्या. लोक एवढ्यानंही उठले नसते तर कधी उठायचे? आमच्याकडेही बायका असंच उभी बाटली-आडवी बाटली करतात, म्हणजे दारूचं दुकान चालू ठेवायचं की बंद यावर मत घेतात. तुमच्या प्रयोगशाळेची वाट बघत बसत नाहीत.

लोझानकर
ताई, एक दुरुस्ती, राग मानू नका. 1908 च्या त्या सार्वमतात एकाही बाईला मत नव्हतं. स्वित्झर्लंडमध्ये बायकांना देशपातळीवर मताचा हक्क 1971 साली मिळाला. बंदी घातली ती पुरुषांनीच, आणि स्वतःची वाइन शाबूत ठेवून घातली.

आणि बंदीनं साधलं काय? खोऱ्यात घरोघरी चोरून गाळणं चालूच राहिलं. रंग न देता पांढरीच ठेवायची, म्हणजे ओळखू येत नाही. तिलाच 'ला ब्लू' म्हणतात. 1 मार्च 2005 ला बंदी उठली तेव्हा कृती हरवलेली नव्हती, आज्यांच्या हातात होती. मोतिये गावच्या ज्या जुन्या कोर्टात गाळणाऱ्यांना दंड व्हायचा, तिथेच आता अ‍ॅबसिंथचं संग्रहालय आहे.

नागभीडचा_पोरगा
आडवी बाटलीचा विषय निघालाच आहे तर बोलतो. चंद्रपूरची दारूबंदी 2015 ते 2021. त्या काळात माझा साडू दुप्पट पैसे देऊन कसलं तरी बनावट पीत होता. पैसा गेला, लिव्हर गेलं. बंदी नसती तर निदान सील असलेली बाटली प्यायला असता. चौकातल्या प्रत्येक पोराला माल कुठे मिळतो ते ठाऊक, बंदोबस्तवाल्यांना तेवढं ठाऊक नाही. बंदीचे गोडवे गाणाऱ्यांनी ते दिवस आठवावेत.

आडवी_बाटली
साडू बनावट प्यायला हा बंदीचा दोष? पिणं त्याचं, पाठीशी घालणारे वेगळेच, आणि खापर आमच्या मतांवर! बंदी राबवायची नाही आणि मग 'बघा, फसली' म्हणायचं. शेजारी गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे, तिथल्या बायकांना विचारा उठवू का म्हणून. आणि आडवी बाटली करणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे का? झालेल्या मतांत जास्त मतं मिळून भागत नाही, यादीतल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त लागतात. जो कामाला परगावी गेला, जो मेला पण यादीतून निघाला नाही, तो सगळा उभ्या बाटलीच्या खात्यात. तरी बायका जिंकतात. एवढं करून मिळवलेलं तुम्ही एका साडूवरून मोडीत काढता?

नागभीडचा_पोरगा
'एक साडू' म्हणू नका. माणूस गेलाय आमचा.

आडवी_बाटली
तो शब्द मागे घेते. बाकी एक अक्षरही नाही.

शेकर_आणि_बर्फ
अवांतर, पण बारमागे उभं राहून रोज बघतो म्हणून लिहितो. साखरेचा खडा पेटवून अ‍ॅबसिंथ देणं बंद करा! ही 'परंपरा' 1990 च्या दशकातल्या चेक बारमधली आहे. पॅरिसमध्ये भोकाच्या चमच्यावर साखर ठेवायचे, वरून थंड पाणी थेंबथेंब सोडायचे आणि हिरवं पेय दुधाळ होत जायचं. अ‍ॅनिसचं तेल पाण्यात विरघळत नाही म्हणून. एका भागाला चार भाग पाणी घातलं तर 68 टक्क्यांचं 13-14 वर येतं, म्हणजे जवळपास वाइनच. ताईंनी हा आकडाही धरावा.

देवराई
झाडांच्या बाजूनं एक भर. आपला दवणा वर्मवुडचा सख्खा भाऊबंद आहे, दोन्ही आर्टेमिसियाच. चैत्रात आपण तो जोतिबाला वाहतो, त्याला कुणी विषारी म्हणत नाही.
आणि 11 ऑगस्ट 1901 ला पाँतार्लियेचा पेर्नो कारखाना वीज पडून पेटला, तेव्हा टाक्यांमधली अ‍ॅबसिंथ दू नदीत गेली. दूरवरच्या लू नदीच्या उगमाला तिचा वास आला आणि लूचं पाणी जमिनीखालून दूमधूनच येतं याचा सुगावा लागला. या दारूच्या नावावर एवढं तरी चांगलं जमा करा.

जुनी_पेठ
रसायनकट्टा, तुमच्या 13 बाटल्या नामांकित कारखान्यांच्या. जपून ठेवल्या गेल्या त्याच मुळी चांगल्या होत्या म्हणून. मजूर जी स्वस्तातली प्यायचे तिला हिरव्या रंगासाठी मोरचूद, दुधाळ करायला अँटिमनीचा क्षार, अशी भेसळ असायची. ती कुणी सांभाळून ठेवली नाही आणि तपासलीही नाही. गरिबाच्या पेल्याबद्दल तुमचा निबंध मुका आहे.

रसायनकट्टा
हा मुद्दा नाइलाजानं मान्य. मात्र तो भेसळीविरुद्धचा मुद्दा झाला. वर्मवुडवरचा आरोप त्यानं सिद्ध होत नाही.

कडू_काढा
आडवी_बाटली ताई, तुमच्या काकूंबद्दल माझ्याकडे उत्तर नाही आणि देणारही नाही. पण फ्रान्सनं मार्च 1915 मध्ये अ‍ॅबसिंथबंदीचा कायदा केला, तेव्हा खंदकातल्या शिपायांना सरकार स्वतः रोज वाइन वाटत होतं. बायकांच्या काळजीनं केलेली बंदी अशी असते? माझा लेख दारूच्या बाजूनं नाहीच. एका दारूवर सगळं लोटून बाकीच्यांना मोकळं सोडलं, त्याविरुद्ध आहे.

आडवी_बाटली
वाइनवाल्यांनी डाव साधला, ठीक आहे, मानलं. वर्मवुडवर उगाच आळ आला, तेही मानलं. पण मग लाँफ्रे वाइनवर होता म्हणून अ‍ॅबसिंथ सोडा, असं म्हणण्याऐवजी वाइनही त्याच मतपत्रिकेवर घ्या असं का नाही म्हणत तुम्ही? आमच्या गावात मत पडतं तेव्हा देशी आणि बिअर वेगळी करून विचारत नाहीत. पुढच्या खेपेलाही मी आडव्यावरच शिक्का मारणार.