उन्हाळ्यात चार गेम पूर्ण संपवले, आता पुढे काय खेळू?

मानेवाडा_कूलर:
मंडळी, एप्रिल-मेमध्ये मी चार गेम शेवटचे क्रेडिट्स येईपर्यंत खेळलो. याच्या आधी दोन वर्षांत एकही पूर्ण झाला नव्हता, म्हणून खूप बरं वाटून राहिलं आणि लिहावंसं वाटलं. नोकरी नागपूरच्या मिहानमध्ये, रात्री जेवण आटोपून साडेदहाला लॅपटॉप उघडतो, खोली गच्चीखाली, दिवसभर ४५ डिग्री तापलेली, मोठा गेम लावला की अर्ध्या तासात कीबोर्डवर बोटं ठेववत नाहीत. म्हणून ठरवलं की छोटे गेम घ्यायचे आणि घेतला तो पूर्ण करायचा.

पहिला राजी. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२० चा. राक्षसांनी पळवलेल्या लहान भावाला, गोलूला शोधायला राजी निघते आणि तिची गोष्ट दुर्गा आणि विष्णू एकमेकांशी बोलत सांगतात. भिंतीवरच्या चित्रांसमोर थांबलं की पुराणातली गोष्ट ऐकू येते, मी तर प्रत्येक चित्रापाशी थांबलो. मारामारी जरा जड वाटली, आणि शेवट मधेच तोडल्यासारखा आहे, त्याचं खरंच वाईट वाटलं.

स्ट्रे छान. मांजर म्हणून फिरायचं, म्याव करायला वेगळं बटण. सुरुवातीची वस्ती सुंदर, नंतरची पळापळ ठीक.

सेलेस्टमध्ये, म्हणजे उड्या मारत डोंगर चढायच्या गेममध्ये, दोन हजारांच्या वर वेळा मेलो. पण मेलं की डोळ्याची पापणी लवायच्या आत परत त्याच जागी उभं करतो, त्यामुळे चिडायला वेळच मिळत नाही, आणि मधे एक पोस्टकार्ड येतं ज्यात लिहिलंय की किती वेळा मेलात त्याचा अभिमान बाळगा, जितकं मराल तितकं शिकाल. हे वाचून मी दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्येही खुश होतो.

आणि आता खरा विषय. व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच, २०१७ चा, दोन-अडीच तासांत होतो. ज्यांना खेळायचा असेल त्यांनी हा परिच्छेद सोडा. त्यात लुईस नावाचा मुलगा मासळीच्या कारखान्यात काम करतो. कंट्रोलरवरच्या उजव्या हाताच्या स्टिकने मासा उचलायचा, पात्याखाली न्यायचा, मुंडकं उडालं की पुढे ढकलायचा, परत पुढचा मासा. तेवढ्यात डाव्या हाताच्या स्टिकवर त्याच्या मनातला राजकुमार चालायला लागतो, आधी कोपऱ्यात छोटासा, मग वाढत वाढत सगळा स्क्रीन व्यापतो, आणि उजवा हात मासे कापतच असतो, आपल्याला कळतही नाही की आपण अजून कापून राहिलो. मी स्वतः दोन वर्षं डेटा एन्ट्री केली आहे हो. हात चालतो आणि डोकं भलतीकडेच असतं, ते कोणी असं हाताला जाणवून देईल असं वाटलंच नव्हतं. संपल्यावर लॅपटॉप मिटला आणि गच्चीवर जाऊन बसलो.

तर प्रश्न असा, आता पुढे काय? दहा तासांच्या आत संपणारं सांगा. शिवाय रेड डेड रिडेम्प्शन २ वर्षभरापासून अर्धवट पडला आहे, तिसऱ्या चॅप्टरला सोडला. परत जावं का?

बर्डीचा_घोडेस्वार:
भाऊ, रेड डेडच्या नायकाला, आर्थरला असं अर्ध्यात नका सोडू. छोट्या गेमचं तुमचं म्हणणं पटतं, पण काही गोष्टींना वेळ लागतोच. सहा चॅप्टर आणि वरून दोन भागांचा एपिलॉग म्हणजे उपसंहार आहे, आणि सहाव्यात जे होतं ते त्या आधीच्या सगळ्या संथ घोडेस्वारीमुळेच काळजाला लागतं, त्याच्या टोळीच्या कॅम्पमधल्या लोकांसोबत शेकोटीपाशी बसलेलोच नसलो तर त्यांचं काय होतं याचं आपल्याला काय वाटणार? शिकार, मासेमारी सगळी सोडा, फक्त मेन मिशन धरा. रोज रात्री एक. मात्र मिशनच्या मधे बंद करू नका, परत पहिल्यापासून खेळावं लागतं. आणि फ्रेम्स, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, ३० वर बांधून ठेवा, सेटिंग मीडियमवर आणा, लॅपटॉप पुष्कळ कमी तापतो, मी मागच्या मेमध्ये असाच खेळलो.

तर्रीपोहे_इतवारी:
अबे भाऊ, तुमच्यासाठी एकच नाव, रिटर्न ऑफ द ओब्रा दिन. २०१८ चा, लुकास पोप नावाच्या एकाच माणसानं जवळपास सगळा बनवला. १८०७ साल, हरवलेलं जहाज रिकामं परत आलं, आणि तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीचे विम्याचे इन्स्पेक्टर. जहाजावर साठ लोकं होते, प्रत्येक जण कोण आणि त्याचं काय झालं हे शोधायचं. हाडांपाशी घड्याळ उघडलं का तो माणूस मेला तो क्षण थिजलेला दिसते, त्याच्यात फिरून पाहायचं. उत्तरं तीन-तीन बरोबर आली का मगच गेममधल्या पुस्तकात पक्की होतात, म्हणून नुसता अंदाज ठोकून जमत नाही. वही-पेन घेऊन बसा, खोटं नाही सांगत. कोणी सांगत नाही पण झोपायच्या झुल्यांचे नंबर नीट पाहा, मले तं एक खलाशी त्याच्या जोड्यावरून ओळखू आला, रात्री दोनला उठून बायकोला सांगितलं. भारतातले खलाशीही हायेत त्यात. चित्र जुन्या मॅक कॉम्प्युटरसारखं, दोनच रंगांचं, तरी पाहत राहावं वाटते.

धंतोलीची_आई:
दादा, अ शॉर्ट हाइक खेळा, २०१९ चा, दोन तासांत होतो. क्लेअर नावाचं पाखरू सुट्टीत मावशीकडे आलंय, तिला एका महत्त्वाच्या फोनची वाट पाहायची आहे आणि रेंज फक्त डोंगराच्या माथ्यावर येते, एवढीच गोष्ट. सोनेरी पिसं मिळत गेली की जास्त उंच चढता येतं. मी आणि माझा आठ वर्षांचा मुलगा आळीपाळीने खेळलो, वर पोचल्यावर फोन आला तेव्हा तो एकदम गप्प झाला आणि मग म्हणाला आजीला फोन लाव. सेलेस्टबद्दल एक सांगते, ज्यांना जमत नाही त्यांनी असिस्ट मोड लावावा, खेळाचा वेग कमी करता येतो, त्यात कमीपणा नाही. आमचं पोरगं तसंच शिखरावर गेलं. स्ट्रेच्या पळापळीबद्दल मात्र मी सहमत नाही, आमच्याकडे तोच भाग सगळ्यात आवडला.

हिंगणा_रोड:
राजीचा शेवट मलाही खटकला. पण छोटी टीम आहे, आधी लोकांकडून वर्गणी गोळा करायच्या किकस्टार्टर साइटवर पैसे उभे करायला निघाले तेव्हा ठरलेली रक्कम जमली नव्हती, तरी त्यांनी गेम आणला. आपल्या मातीतला गेम विकत घेऊन खेळला पाहिजे.

मानेवाडा_कूलर:
सगळ्यांचे आभार. हिंगणा भाऊ, विकतच घेतलाय. ताई, शॉर्ट हाइक पुतणीसोबत रविवारी. घोडेस्वार भाऊ, शब्द देतो, पाऊस लागला आणि खोली थंड झाली की आर्थरकडे परत. ओब्रा दिन परवाच घेतला. दोन रात्री झाल्या, वहीची पाच पानं भरली, पहिले तीन काल पक्के झाले आणि मी जोरात ओरडलो तर आई उठून आली. इतवारी भाऊ, आता पुढचं काही सांगू नका, आज रात्री ते झुल्यांचे नंबर लिहून काढतो.