‘आकुंचनशील’ की ‘आखडणारं’? व्हॉर्टिसेलाच्या देठासाठी शब्द हवा

तापीकाठ (चोपडा)
मंडळी, कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. विज्ञान मंडळाच्या भित्तिपत्रकासाठी ‘कॅल्शियम बांधणारी आकुंचनशील प्रथिने’ असं शीर्षक लिहिलं आणि तिथेच अडकलो. आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांनी ते वाचलं आणि विचारलं, “सर, बांधणारी म्हणजे कॅल्शियमला बांधून ठेवता का? आन् आकुंचन तर हृदयाचं असतं ना?”

मी त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. गुरांच्या हौदातल्या शेवाळलेल्या पाण्याचा थेंब होता. त्यात पानाच्या कुजक्या तुकड्याला चिकटलेली पाच-सहा व्हॉर्टिसेला, म्हणजे एकाच पेशीचे सूक्ष्म जीव. वर घंटा, खाली लांब देठ, घंटेच्या तोंडाशी केसांची भिरभिर. मी टेबलावर हलकी टिचकी मारली. सगळ्या घंटा एकदम खाली, देठांची वेटोळी! मामा म्हणाले, “देठ ते आखडी गया, सर!” मग ती वेटोळी एकेक करून सावकाश उलगडली. आखडायला सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही, उलगडायला मात्र काही सेकंद जातात.

आता सांगा, मामांचा शब्द घेऊ की माझा?

कोशवाचक
सर, ‘आकुंचन’ सोडू नका. मूळ धातू ‘कुञ्च्’, म्हणजे वाकणे, वाकडे होणे, आखडणे. वैशेषिक दर्शनात कर्माचे पाच प्रकार सांगितले आहेत: उत्क्षेपण, अवक्षेपण, आकुंचन, प्रसारण, गमन. तुमचा देठ वेटोळं घालतो, म्हणजे हा शब्द स्नायूपेक्षा त्यालाच जास्त शोभतो.

गिरणाकाठची
कोशवाचक, धातू बरोबर असेल, पण आठवीच्या मुलाला ‘कुञ्च्’ दिसत नाही. त्याला आखडलेलं बोट दिसतं. आमच्याकडे कापड धुतल्यावर ‘आटतं’, थंडीत अंग ‘आक्रसतं’ आणि पाय ‘आखडतो’. तीन वेगळ्या क्रिया, तीन शब्द. ‘आकुंचन’ या तिन्हींवर एकच पांघरूण घालतं. माझं मत ‘आखडणारी प्रथिनं’ला.

पेशीवेडा
शब्द ठरवण्याआधी आत काय होतं ते बघू या, भांडण तिथेच आहे. आपल्या स्नायूत कॅल्शियम ट्रोपोनिन या प्रथिनाला जाऊन चिकटतं, मग मायोसिन हे प्रथिन अॅक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या धाग्याला ओढतं. धागे एकमेकांवरून सरकतात, स्वतः लहान होत नाहीत. सरकवायला एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, लागतं.

व्हॉर्टिसेलाच्या देठातल्या दोऱ्याचं तसं नाही. त्यात स्पास्मिन हे प्रथिन असतं. ग्लिसरीनने पेशी मारून, तिचं आवरण निकामी करून नुसतं कॅल्शियम दिलं तरी देठ आखडतो, एटीपी नसतानाही. कॅल्शियम काढून घेतलं की पुन्हा सैल. जिवंत पेशीत एटीपी खर्च होतं ते कॅल्शियम परत कोठारात भरण्यासाठी. म्हणजे इथे दोराच आखडतो. म्हणून स्नायूला ‘आकुंचन’ ठेवा आणि याला ‘आखडणं’ द्या.

शिक्षिका_अमळनेर
पेशीवेडा भाऊ, मुलं परीक्षेत ‘आखडणं’ लिहितील तेव्हा गुण कोण देणार? पाठ्यपुस्तकात आकुंचन-प्रसरण आहे. दिनांक आणि महापौर हे सावरकरांचे शब्दही आधी जड वाटलेच होते, वापरून रुळले. मुलांना जड शब्दाची भीती घालू नका.

गिरणाकाठची
ताई, ते रुळले कारण ते कचेरीतून आले. आमचा ‘आखडणं’ आधीपासूनच रुळलेला आहे, त्याला फक्त पुस्तकात जागा हवी आहे.

तापीकाठ (चोपडा)
‘बांधणारी’चं काय पण? तो प्रश्न मागेच राहिला.

पेशीवेडा
बांधणं चूकच. या प्रथिनांत कॅल्शियम धरायची जी जागा असते तिला ‘ईएफ-हात’ म्हणतात. १९७३ मध्ये कार्प माशाच्या पार्व्हाल्ब्युमिन या प्रथिनाच्या रचनेवरून ते नाव पडलं: ई आणि एफ हे प्रथिनाच्या साखळीचे दोन सर्पिल (पिळदार भाग), एक तर्जनीसारखा, एक अंगठ्यासारखा, आणि मधल्या वळणात कॅल्शियम. तुमच्याच हाताने करून बघा. मग ‘कॅल्शियमधर’ का नको? गंगाधर, मुरलीधर तसा.

कोशवाचक
अर्धा लॅटिन, अर्धा संस्कृत!

शिक्षिका_अमळनेर
पोलीसपाटील चालतो ना तुम्हाला?

गिरणाकाठची
माझी अडचण दुसरीच आहे. गंगाधर गंगा सोडत नाही. हे प्रथिन धरतं आणि सोडतं, सगळी करामत त्या सोडण्यात आहे. ‘कॅल्शियमग्राही’ बघा, नाहीतर सरळ ‘कॅल्शियम पकडणारं’.

पेशीवेडा
हे पटलं. आणखी एक धोका सांगतो. याच गोतावळ्यातलं सेंट्रिन हिरव्या शेवाळात आहे, यीस्टमध्ये आहे आणि तुमच्या-माझ्या पेशीतल्या तारककेंद्रातही (सेंट्रिओल, पेशीविभाजनातला सूक्ष्म भाग) आहे. टेट्रासेल्मिस शेवाळाच्या कशाभिकेच्या (पोहायच्या शेपटीसारख्या धाग्याच्या) मुळांत ते १९८४ मध्ये वेगळं काढलं, तिथे ती मुळं आखडतात. क्लॅमिडोमोनास या दुसऱ्या हिरव्या शेवाळाला धक्का बसला की तो कशाभिका तोडून टाकतो, त्यातही सेंट्रिनचे धागे आहेत. माणसाच्या पेशीत मात्र ते डीएनएच्या दुरुस्तीतही हात लावतं. म्हणून सगळ्या कुळाला ‘आखडणारी’ म्हणू नका, फक्त देठातल्याला म्हणा.

कोशवाचक
तारककेंद्र की तारककाय? आम्ही सेंट्रिओलला तारककाय शिकलो.

शिक्षिका_अमळनेर
तारककाय म्हणजे सेंट्रोसोम. दोन्ही एकच समजून मुलांचे गुण जातात, कृपा करून हे वेगळे ठेवा.

कोशवाचक
आमच्या वेळच्या पुस्तकात नेमकं उलट होतं, ताई.

केळीबाग (रावेर)
स्पास्मिन म्हणजे स्पॅझमवरूनच ना? मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ओढणं. मग पेटक्याशी नातं झालं. रात्री केळीला पाणी भरताना गाळात उभं राहिलं की पोटरीत गोळा येतो, आंगठा वर ओढून धरावा लागतो. आजी त्याला ‘वांब आला’ म्हणायची आणि सांगायची, अंगातला चुना कमी झालाय. कॅल्शियम हे नावही चुन्याच्या लॅटिन नावावरूनच आलंय, म्हणजे आजीचं बोलणं अगदीच वाऱ्यावरचं नव्हतं.

गिरणाकाठची
वांब! कितीतरी वर्षांनी ऐकला. आमच्याकडे पोटरीचा तो गोळा, बोटं वाकडी होतात तो पेटका. तुमच्याकडे वांब दोन्हीला का?

केळीबाग (रावेर)
फक्त पायाचा. हाताला वांब आलेला ऐकला नाही.

कोशवाचक
पेटका पेटण्यावरून नसावा. कुणाकडे जुना कोश आहे का?

तापीकाठ (चोपडा)
माझं भित्तिपत्रक उद्या सकाळी लागतंय. तूर्त ‘कॅल्शियम पकडून आखडणारा देठ’ असं लिहिलंय, खाली वेटोळ्याचं चित्र मामांनी काढलं. वांबावर मामांनाही विचारतो, ते साक्रीचे आहेत.