मानसिक आरोग्याचा क्लब बंद होतोय. सदस्यांना धक्का न देता तो कसा आवरावा?

संयोजक_२८
शुभार्थींचा, म्हणजे मानसिक आजार असलेल्यांचा क्लब आठवड्यातून दोन दिवस, तीन-तीन तास भरतो. पटावर २८ जण, नेमाने येणारे पंधरा-सोळा. निधी थांबल्यामुळे तीन महिन्यांनी तो बंद होणार हे पक्कं झालंय. प्रश्न बंद करण्याच्या पद्धतीचा आहे. कुणाला, कधी सांगायचं? दिवस हळूहळू कमी करत आणावेत का? नोंदवह्या आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं काय करायचं?

मनोसमाजकार्य
याच आठवड्यात सांगा. अशी बातमी झाकून राहत नाही, आणि ज्यांच्या आजारात संशय हे लक्षण आहे त्यांना ती उडत उडत कळली तर ‘माझ्यामुळेच बंद करताहेत’ हे डोक्यात पक्कं बसतं. सगळ्यांना एकाच दिवशी, समोरासमोर आणि सत्राच्या सुरुवातीला सांगा, म्हणजे नंतर दोन-अडीच तास बोलायला हातात राहतात. सुट्टीच्या आदल्या दिवशी तर मुळीच नको. अर्ध्या पानाचा कागद हातात द्या: बंद होण्याची तारीख, कारण, कुणाशी बोलायचं. ऐकलेलं त्या गडबडीत डोक्यात राहत नाही. जे आले नसतील त्यांना त्याच संध्याकाळी फोन. ग्रुपवर मेसेज टाकून मोकळं होऊ नका.

‘बघू, काहीतरी मार्ग निघेल’ हे वाक्य तोंडून जाऊ देऊ नका. त्या आशेवर लोक दुसरीकडे जायचं टाळतात आणि शेवटच्या आठवड्यात उघडे पडतात.

दिवस कमी करू नका. कित्येकांचं उठणं, अंघोळ, औषधाची वेळ त्या दोन दिवसांना बांधलेली असते. दिवस विस्कटले की हजेरी गळते, आणि निरोपाला चारच माणसं उरतात. वार आणि वेळ शेवटपर्यंत तीच ठेवा. फक्त त्यातला एखादा तास सगळ्यांनी मिळून नवी जागा बघायला वापरा.

दिवसदवाखाना_नर्स
वरचं सगळं पटतं. पण मला यातली सर्वांत मोठी गोष्ट वेगळी वाटते. क्लबमध्ये कुणी दोन वेळा आलं नाही की कुणीतरी विचारतं, ‘अरे, ते दिसले नाहीत?’ बंद झाल्यावर नेमकी ही चौकशी थांबते. ती कुणाकडे सोपवायची हे माणसागणिक ठरवा. प्रत्येकाशी बसून, त्यांच्या संमतीने, एकेक पान भरा: एकटे राहतात का, इथल्याशिवाय आठवड्यात कुणाशी बोलणं होतं, तब्येत बिघडायला लागल्याची पहिली खूण काय (झोप उडणं, फोन न उचलणं, तेच कपडे), ती आजवर कुणाच्या लक्षात यायची, आणि औषधाची आठवण कोण ठेवतं.

शेवटचा मुद्दा हलका घेऊ नका. लांब पल्ल्याचं इंजेक्शन (रोजच्या गोळ्यांऐवजी, ज्याचा परिणाम काही आठवडे टिकतो) कुणाला दोन, कुणाला चार आठवड्यांनी असतं. ते चुकल्याचा परिणाम बरेचदा काही आठवड्यांनी दिसतो, तोवर क्लब बंद होण्याशी त्याचा संबंध कुणी जोडतही नाही. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध दोन दिवसांहून जास्त चुकलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जुन्या डोसवर पुन्हा सुरू करायचं नसतं. हे शुभार्थींना आणि शुभंकरांना (त्यांची काळजी घेणाऱ्यांना), दोघांनाही लिहून द्या.

नव्या ठिकाणी नुसती चिठ्ठी देऊन पाठवलं तर बरेच जण दारातून परत येतात. पहिल्यांदा सोबत जा, दुसऱ्यांदा बाजूला बसा, तिसऱ्यांदा फक्त दारापर्यंत. ज्यांची आपापसात मैत्री आहे त्यांना जोडीने पाठवा. आणि तिथे मुदत आहे का, हे आधीच विचारा. सहा महिन्यांनी ‘तुमचा कोर्स संपला’ म्हणाले तर त्या माणसाच्या वाट्याला हाच प्रसंग पुन्हा येतो.

बंद झाल्यानंतरचे फोन आत्ताच वाटून घ्या: पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्यात, शक्यतो ओळखीच्याच आवाजात. बातमी कळल्यावर जे गुपचूप यायचे थांबले, त्यांची नावं यादीत सर्वांत वर.

संयोजक_२८
खूप उपयोगी. पाच-सहा जण म्हणतात, आम्ही आमचं आम्ही भेटत राहू. त्यांना हो म्हणावं का?

मनोसमाजकार्य
जरूर. अमेरिकेतल्या रॉकलंड स्टेट हॉस्पिटल या मनोरुग्णालयात ओळख झालेले रुग्ण बाहेर पडल्यावर न्यूयॉर्कमध्ये भेटत राहिले, त्यातूनच १९४८ मध्ये फाउंटन हाउस हा अशाच सदस्यांचा क्लब उभा राहिला. फक्त सगळा भार एकावर पडू देऊ नका. ती व्यक्ती आजारी पडली की गटही बसतो. जागा उघडणारे दोघं हवेत आणि दिवस ठरलेला हवा. एखाद्याची तब्येत बिघडली तर कुणाला फोन करायचा, हेही लिहिलेलं असू द्या. हे सगळं क्लब चालू असतानाच महिनाभर करून बघा, तुम्ही नुसते शेजारच्या खोलीत बसा.

नोंदी_आणि_हिशेब
राहिलेलं थोडक्यात. हजेरीवह्या आणि आजाराच्या नोंदी कुणाच्या घरी जाता कामा नयेत. किती वर्षं ठेवायच्या हे संस्थेच्या नियमानुसार ठरवा, बाकी फाडून नष्ट करा. सदस्याला स्वतःच्या नोंदीची प्रत हवी असेल तर बंद होण्याआधीच द्या. एकमेकांचे नंबर द्यायचे तर प्रत्येकाची लेखी परवानगी घ्या.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप वाऱ्यावर सोडू नका. रात्री दोनला कुणी ‘जगायचं नाही’ लिहिलं आणि वाचणारं जबाबदार कुणीच नसलं, तर तो ग्रुप धोक्याचा. तारीख सांगून बंद करा, किंवा ज्यांना पेलेल अशा दोघांकडे सोपवा. आपत्कालीन नंबर ग्रुपच्या माहितीत टाका आणि टाकण्याआधी स्वतः लावून बघा.

भिंतीवरची चित्रं, हस्तकला ज्याची त्याला परत द्या, शेवटच्या दिवसाच्या आधीच्या आठवड्यात. शेवटच्या दिवशी न आलेल्याची वस्तू बहुतेक वेळा कचऱ्यात जाते.