मदत हवी आहे : नानांच्या फोटोतलं नॅट विमान

राम राम मंडळी. मी अमळनेरचा. माझे चुलत आजोबा, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, हवाई दलात ग्राउंड क्रूमध्ये होते. १९७१ च्या लढाईची गोष्ट निघाली की ओट्यावर बसून एकच सांगायचे, "इमान धाकलं, पन भलतं तिखट." ते इमान म्हणजे नॅट, आपल्या हवाई दलाचं छोटं लढाऊ विमान. पंखांचा पसारा पुरता सात मीटरही नाही, पण ३० मिलिमीटरच्या दोन तोफा! १४ डिसेंबर १९७१ ला निर्मलजीत सिंग सेखों श्रीनगरहून एकटे पाकिस्तानच्या सहा सेबर लढाऊ विमानांना भिडले, ते याच विमानातून. हवाई दलाला मिळालेलं परमवीर चक्र आजवर ते एकच. हे वाचताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

आता अडचण सांगतो. नानांचा एक फोटो सापडलाय. पंखाखाली उकिडवे बसलेत, हातात पाना, शर्टाला तेलाचे डाग. पण फ्रेममध्ये ओल शिरून फोटो काचेला चिकटलाय आणि शेपटीवरचा क्रमांक नेमका तिथेच आहे. ओढून काढायची हिंमत होत नाही. असा फोटो कोणी सुखरूप सोडवलाय का? जळगाव-धुळ्याकडे असं काम करणारं कोणी असेल तर कळवा.

दुसरं, हे नॅटच की नॅटवरूनच नंतर बनवलेलं अजित? अजित १९७५ ला पहिल्यांदा उडालं, म्हणजे ते असेल तर फोटो लढाईतला ठरणार नाही. दोन्ही सारखीच दिसतात. फरक कुठे बघायचा?

आणि खान्देशातले कोणी जुने एअरमन नॅटवर होते का? त्यांना भेटायला मी कुठेही येईन.