मदत हवी आहे: घाटात इंजिन तापते, हेड (सिलिंडरवरचा इंजिनचा भाग) उतरवण्यापूर्वी आणखी काय तपासावे?

नमस्कार. माझी गाडी २००४ सालची, चार सिलिंडरची पेट्रोल गाडी असून तिचे रनिंग १ लाख ३८ हजार किलोमीटर झाले आहे. कामानिमित्त महिन्यातून दोनदा कराडहून चिपळूणला जावे लागते. जाताना काहीच त्रास होत नाही. परतताना कुंभार्ली घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढू लागलो, आणि त्यातही पुढे एखादा भरलेला ट्रक असला, की तापमानाचा काटा मध्यावरून सरकत लाल पट्टीला टेकतो. एसी बंद करून हीटर पूर्ण सोडला तर तो थोडा उतरतो, म्हणून गेल्या खेपेस भर मे महिन्यात हीटर लावून घाट चढलो. सोबत सासूबाई होत्या. त्यांनी ते अद्याप विसरलेले नाही.

सपाट रस्त्यावर ताशी ७०-८०च्या वेगाने काटा जागचा हलत नाही आणि सिग्नलला पंखाही वेळेवर सुरू होतो. थर्मोस्टॅट (तापमानानुसार रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) नवा आहे, कारण आधीच्या मेकॅनिकने तो काढूनच टाकला होता. वॉटर पंप गळत नाही, पट्टाही ताणलेला आहे. मात्र एक चूक कबूल करतो, की दोन-तीन वर्षे मी कूलंटऐवजी घरच्या बोअरचे पाणी घालत होतो.

मला चक्रावणारी गोष्ट वेगळीच आहे. रात्रभर गाडी उभी राहिल्यावर सकाळी बॉनेट उघडले, तर रेडिएटरचा वरचा होज चिमटीत दाबल्यासारखा चपटा झालेला असतो आणि कूलंटची बाटली काठोकाठ भरलेली असते. रेडिएटरचे झाकण सैल करताच आत हवा शिरल्याचा आवाज होऊन होज पुन्हा गोल होतो, आणि आत पाहावे तर पाणी अर्धा लिटर कमी!

मेकॅनिकच्या मते हेड गॅसकेट (हेड आणि इंजिनमधील सील) गेली असून खर्च १८ हजार येईल. परंतु त्याच्या नेहमीच्या खुणा दिसत नाहीत: ऑइल दुधाळ झालेले नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूरही येत नाही. एवढ्यावर हेड उतरवू द्यावे का?

प्रतिसाद:
इतक्यात उतरवू देऊ नका. गॅसकेटमधून दाब पाण्यात शिरत असता, तर गाडी सुरू केल्यावर थोड्याच वेळात होज टणक झाला असता. चपटा होज सांगतो की, इंजिन थंड होताना झाकणातील उलटी झडप उघडत नाही किंवा बाटलीची नळी तुंबली आहे, त्यामुळे बाहेर गेलेले पाणी परत ओढले जात नाही. त्याच झाकणाची दाबाची स्प्रिंगही सैल असेल, तर पाणी लवकर उकळते. प्रथम त्याच दाबाचे नवे झाकण लावा. खात्रीसाठी थंड इंजिनवर झाकण काढून गाडी सुरू करा. लगेच अखंड बुडबुडे आले तरच गॅसकेटचा विचार करावा. नंतर गाडी तापवून बंद करा, पंख्याचा कनेक्टर काढा आणि रेडिएटरच्या जाळीवरून हात फिरवा. बोअरच्या क्षाराने नळ्या बुजल्या असतील, तर तेवढा पट्टा थंड लागेल.

धागाकर्ता:
आभारी आहे. नवे झाकण लावले. बुडबुडे नाहीत, होज सकाळी गोल असतो आणि बाटलीतील पातळी खाली येते. घाटात काटा आता पाऊण भागावर थांबतो, लाल पट्टीला टेकत नाही. जाळीचा डावीकडचा तळहाताएवढा भाग मात्र खरोखरच थंड लागला. रेडिएटर ॲल्युमिनियमचा असून त्याच्या टाक्या प्लॅस्टिकच्या आहेत. असा रेडिएटर साफ करून घेण्यात अर्थ आहे, की सरळ बदलावा?